डोंगर तोडीला द्यावा, खाजण कार्बनला द्यावे की दोन्ही राखावे?

वरकसवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळे तपशील एकदाच दिलेले बरे.

दापोली तालुक्यात खाडीकाठी आमच्या घराण्याची सामाईक जमीन आहे. वर डोंगरउतारावर चार एकर वरकस, म्हणजे भात न होणारी डोंगराळ जमीन असून त्यात ऐन, किंजळ, जांभूळ आणि सात मोठे बेहडे आहेत. खाली तीन एकर खाजण, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन आहे. आजोबांच्या काळी खाजणात भात पिकत असे. पुढे उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची, फळी कुजली, बांधाला खांड पडली, दुरुस्तीला गावात माणसे उरली नाहीत आणि उधाणाचे पाणी आत येऊ लागले. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तिथे तिवर आणि चिप्पी ही कांदळवनाची झाडे इतकी माजली आहेत की आत शिरायचे तर ओहोटीला, तेही वाकून, जावे लागते.

या दिवाळीत आमच्याकडे दोन माणसे येऊन गेली. पहिला लाकूडतोडीचा ठेकेदार. चार एकरांचे उक्ते 80,000 रुपये, परवानगीची धावपळ त्याची, आणि बेहड्यांसह सगळे साफ. दुसरा एका कार्बन क्रेडिट कंपनीचा प्रतिनिधी; झाडांनी हवेतून शोषलेला कार्बन टनांत मोजून त्याचे क्रेडिट ही कंपनी विकते. त्याने मोबाइलवर आमच्या जमिनीचा उपग्रह नकाशा दाखवला आणि डोंगर व खाजण दोन्ही मिळून 30 वर्षांचा करार पुढे ठेवला. करार 22 पानांचा, संपूर्ण इंग्रजीत. आधी पैसे काही नाहीत. क्रेडिट विकली गेल्यावर निव्वळ उत्पन्नाच्या 60 टक्के आम्हाला.

वडिलांच्या हयातीत हा डोंगर एकदा तोडला होता. त्यानंतर चार वर्षे पायथ्याचा व्हाळ (ओढा) शिमग्यालाच आटत असे, आणि वाडीच्या नळपाणी योजनेची विहीर त्याच व्हाळाच्या कडेला आहे. म्हणून तोड करायला मन धजत नाही. पण 'जंगल राखा' असे सांगणारा प्रत्येक जण फुकटात राखायला सांगतो, आणि घरपट्टी, गडग्याची डागडुजी, वणव्याच्या दिवसांत घालाव्या लागणाऱ्या फेऱ्या यांचा खर्च आमच्याच खिशातून जातो. उभ्या जंगलाचे पैसे मिळू शकतात, ही गोष्ट खरी आहे का? असल्यास कोण देतो, कशाचे देतो आणि हा करार करावा का?

हिशेबनीस

मी अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे वर्गातल्यासारखे होईल, सांभाळून घ्यावे.

तुमच्या जंगलाचा फायदा व्हाळाचे पाणी पिणाऱ्या वाडीला होतो, खाडीतल्या मासळीला होतो, थोडाफार साऱ्या जगाच्या हवेला होतो. खर्च मात्र एकट्या तुमचा. ज्याला फायदा होतो त्याने ज्याचा खर्च होतो त्याला काही द्यावे, एवढाच या बाजाराचा मूळ विचार आहे. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोझ यांनी 1960 साली दाखवले की हक्क स्पष्ट असतील आणि देवघेवीचा खर्च नगण्य असेल, तर दोन पक्ष आपापसांत असा सौदा करू शकतात. लोक पहिला अर्धा भाग उचलतात आणि 'खर्च नगण्य असेल' हा दुसरा अर्धा विसरतात. तुमचे 22 पानांचे कागद हाच तो खर्च आहे.

असे बाजार कुठेच चालत नाहीत, असे मी म्हणणार नाही. सुरतमध्ये 2019 पासून कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी परवान्यांची खरेदीविक्री सुरू झाली आणि त्यात सामील झालेल्या कारखान्यांचे प्रदूषण अभ्यासात 20 ते 30 टक्क्यांनी कमी आढळले. पण तिथे प्रत्येक चिमणीवर मोजयंत्र होते आणि एकूण धुरावर सरकारने घातलेली मर्यादा होती. खाजणाला मोजयंत्र नसते. तिथे मोजायचे असते ते न घडलेल्या गोष्टीला: हा करार नसता तर किती झाडे गेली असती?

आणि तुमच्या खाजणाचा करार नेमका इथेच अडतो. कांदळवनाची तोड मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या आदेशाने थांबवली आणि 2018 च्या निकालाने ती बंदी कायम केली. जमीन खासगी असली तरी ती लागू आहे, शिवाय कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आहे. म्हणजे तुमची तिवरे कायद्याने तशीही तोडता येत नाहीत. मग 'आम्ही ती तोडली नाहीत' याचे क्रेडिट कसले विकणार? या व्यवहारात ज्याला अतिरिक्तता म्हणतात, म्हणजे पैशामुळे जास्तीचे काही घडले हे दाखवणे, ती इथे जवळपास शून्य आहे. तिवरे तुम्ही लावलेलीही नाहीत, बांध फुटल्यावर आपोआप आली. उघड्या चिखलावर नव्याने लागवड केली असती तर गोष्ट वेगळी होती.

तरीही आकडा मनात राहू द्या. केनियातील गाझी उपसागराच्या काठी 'मिकोको पामोजा' हा गावकऱ्यांचा कांदळवन प्रकल्प 2013 पासून कार्बन क्रेडिट विकतो आणि त्या पैशातून पाण्याची सोय व शाळेची कामे झाली आहेत. त्यांचे क्षेत्र 117 हेक्टर आणि वर्षाचे क्रेडिट सुमारे 3,000 टन, म्हणजे हेक्टरी 25 ते 26 टन. त्याच हिशेबाने तुमच्या तीन एकरांना, म्हणजे सुमारे 1.2 हेक्टरांना, वर्षाला 31 टन येतील. उदाहरणापुरता टनाला 800 रुपये भाव धरला तर सुमारे 25,000 रुपये होतात. त्यातून मोजणी, तपासणी आणि नोंदणी यांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे 60 टक्के तुमचे. तुमच्या करारातील सर्वांत महाग शब्द 'निव्वळ' हा आहे. त्याची व्याख्या कोणत्या पानावर आहे ते आधी शोधा.

30 वर्षे भाव टिकेल असेही धरू नका. क्योटो या जागतिक हवामान कराराखालच्या क्रेडिटचे भाव 2012 च्या सुमारास एका युरोच्याही खाली गेले होते, आणि त्या भरवशावर उभे केलेले कितीतरी प्रकल्प आपल्याच देशात अडकून पडले.

डोंगराचे मात्र तसे नाही. तिथे तोड होण्याची शक्यता खरी आहे, ठेकेदार दारात उभा आहे. डोंगर आणि खाजण एकाच करारात बांधू नका, एवढे तरी नक्की करा.

मुंबईकर हिस्सेदार

तुमच्या सातबाऱ्यावर नावे किती आहेत? आमच्या गावच्या सव्वा एकरावर 17 नावे आहेत, त्यांतली पाच मंडळी हयात नाहीत आणि दोघांचे पत्ते कुणालाच ठाऊक नाहीत. मी स्वतः त्या सतरांपैकी एक असून बोरिवलीला राहतो. गावातला भाऊ वणवा विझवायला धावतो आणि रक्कम आली की मी हिस्सा मागतो, अशी परिस्थिती आहे. हे लिहिताना मला फारसे बरे वाटत नाही, पण कागद तसा आहे.

सामाईक खात्यावर एकट्याने केलेला 30 वर्षांचा करार पुढे कोणीही हिस्सेदार कोर्टात ओढू शकतो. माझ्या माहितीच्या एका घरात असेच झाले. करार झाला, पहिला हप्ता आला आणि दुसऱ्या महिन्यात चुलत्याच्या वकिलाची नोटीस आली. हप्ता तसाच बँकेत पडून आहे.

दुसरे म्हणजे इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार काढून पाहा. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद कोकणातल्या कितीतरी गटांवर आहे आणि मालकाला ती कर्ज काढताना किंवा जमीन विकताना कळते. तशी नोंद असेल तर प्रश्न मुळापासून बदलतो. नसली तरी सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी 'वन' या शब्दाचा रूढ अर्थ ग्राह्य धरला, मालकी कोणाचीही असो. 'परवानगीची धावपळ माझी' असे ठेकेदार म्हणतो तेव्हा ती परवानगी कशी काढणार, हे विचारायला संकोचू नका. नंतर पंचनामा होतो तो मालकाच्या नावाने.

खाडीवाली

सर्वांनी जमिनीच्या मालकाचा विचार केला. खाजणात रोज उतरतात त्या आम्ही बायका. आमची नावे कोणत्याच सातबाऱ्यावर नाहीत.

ओहोटी लागली की आम्ही पाटी घेऊन जातो. चिखल गुडघ्यापर्यंत असतो. पायाच्या बोटांनी चाचपून मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, कुठे आहेत ते कळते, मग हात घालून काढायचे. तिवरांच्या मुळाशी कुर्ल्या असतात, दगडांना कालवे. दोन-अडीच तासांत पाटी भरली तर त्या दिवशीच्या बाजाराचे पैसे सुटतात, नाहीतर घरच्या कालवणापुरते मिळते. बांध फुटून खाजण बुडाले तेव्हा मालकाचे भात गेले हे खरे, पण आमचे मुळे तिथेच वाढले.

शेजारच्या गावात एका खाजणाचा असाच कागद झाला. त्यात 'क्षेत्रात अनधिकृत प्रवेश नको' असे कलम होते आणि दुसऱ्या महिन्यात तिथे फलक लागला. मालक मुंबईला, कंपनीचा माणूस पुण्याला. फलक वाचायला उरलो आम्ही. तुमचा कागद करताना हे कलम नीट पाहावे, आणि प्रवेश कोणाला आहे ते मराठीत लिहून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

पैसे मिळण्याचा दुसरा मार्गही सांगते. वन विभागाच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना 2017 पासून आहे. तिच्यात गट करून खेकडापालन, कालवपालन, निसर्ग पर्यटन असे प्रकार करता येतात आणि खर्चाचा मोठा वाटा शासन देते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. आमच्या गटाने खेकडे केले. पहिल्या वर्षी बीज उशिरा आले आणि निम्मे मेले; दुसऱ्या वर्षी जाळीला भोक पडून बरेच पळाले. तिसऱ्या वर्षी विक्री झाली. झटपट पैसा नाही, पण झाड उभे राहिले तरच खेकडा राहतो, हे कोणी शिकवावे लागले नाही.

रापणकर

खाडीवाली ताईंच्या मुद्द्याला माझे अनुमोदन. मी मालवणचा. मासेमारीत हीच गोष्ट कोट्याच्या नावाने जगभर झालेली आहे.

न्यूझीलंडने 1986 साली मासळीचा एकूण आकडा ठरवून त्याचे विकता येणारे हिस्से पाडले. माशांच्या काही जाती त्यामुळे सावरल्या, हे मान्य करावे लागते. पण हिस्से वाटले ते कागदोपत्री व्यावसायिक ठरलेल्यांना. अधूनमधून मासेमारी करणारे छोटे लोक, त्यांत पुष्कळ माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, यादीबाहेर राहिले; पुढे तंटे होऊन 1992 साली सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. आइसलँडने 1990 च्या कायद्याने कोटा सर्रास विकता येईल असा केला, आणि लहान बंदरांतला कोटा विकला जाऊन मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला. मासा राहिला, गाव बसले.

आमच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, हिशेब निराळा. जाळे आणि होडी यांचे वाटे ठरलेले, ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले, आणि आयत्या वेळी दोराला हात लावायला आलेल्याच्या पिशवीतही मूठभर मासळी पडते. हा हक्क कोणत्या परवान्यावर लिहिणार? उद्या कोणी शहाण्याने किनाऱ्यावर कोटा आणला तर तो यांत्रिक नौकांच्या नावावर चढेल, कारण कागद त्यांच्याकडे आहेत. यांत्रिक नौकांच्या मोठ्या पर्ससीन घेरजाळ्यांवर 2016 साली निर्बंध आले तेही आमच्या हातात कोटा देऊन नव्हे. भांडून, मोर्चे काढून आले, आणि अंमलबजावणीसाठी आजही भांडावे लागते.

पैसे देऊन संवर्धन होतच नाही, असेही नाही. जाळ्यात कासव किंवा बहिरी (व्हेल शार्क) अडकला आणि जाळे कापून सोडला, तर नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळण्याची सोय राज्यात 2018 च्या अखेरीस झाली. फोटो काढायचा, अर्ज करायचा. ही योजना आम्हाला पटली, कारण ती मालकी विचारत नाही; ज्याने जाळे कापले त्याचे नुकसान भरते.

हिशेबनीस

रापणकरांनी माझ्या आधीच्या उत्तरातील उणीव बरोबर पकडली. 'हक्क स्पष्ट असतील तर' असे मी एका ओळीत लिहून गेलो, पण ते स्पष्ट करताना कोणाचे पुसले जातात, हे लिहायला हवे होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावर: कुरणे, पाट, किनाऱ्याजवळची मासेमारी अशा सामाईक गोष्टी लोक स्वतःचे नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात आणि त्यासाठी प्रत्येक वेळी खासगी मालक किंवा सरकार लागतेच असे नाही.

वरकसवाले, तुमच्या प्रश्नात नळपाणी योजनेची विहीर आली होती, ती माझ्या नजरेतून सुटली. तुमचा खरा ग्राहक तिथे आहे. हिमाचल प्रदेशात पालमपूरच्या नगर परिषदेने 2010 साली आपल्या झऱ्याच्या वरचे जंगल राखणाऱ्या गावाशी करार केला आणि दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. रक्कम लहान आहे, पण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात आणि पाणी आटले तर दोघांनाही त्याच आठवड्यात कळते. मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या मालकांना पैसे देण्याची सोय केली. पैसा मुख्यत्वे इंधनावरच्या करातून आला, आणि त्याच कायद्याने जंगल मोडून दुसरा वापर करण्यावर बंदीही घातली. म्हणजे निव्वळ बाजार तिथेही नव्हता.

देवरूखवाला

बेहडे सात आहेत आणि मोठे आहेत, हे वाचून राहवले नाही. ते ठेकेदाराला देऊ नका.

आमच्या संगमेश्वर भागात पुण्याची ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था खासगी जंगलांच्या मालकांशी ठरावीक वर्षांचे संवर्धन करार करते. मालकाने तोड करायची नाही, त्याबदल्यात मोबदला मिळतो. उत्तर सह्याद्रीतील बेहडा आणि हिरडा यांच्या फळांना फेअरवाइल्ड हे, रानातला माल झाडे राखून गोळा केल्याचे, प्रमाणपत्र मिळाले आणि ती फळे चांगल्या भावाने परदेशातील औषधी चहा करणाऱ्यांपर्यंत गेली. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटे करतो, म्हणून तो वृक्ष उभा राहण्याला एवढे महत्त्व.

प्रमाणपत्र म्हणजे नुसता शिक्का नव्हे, काम वाढते. फांदी तोडून फळे पाडायची नाहीत. झाडाखालची सगळी उचलायची नाहीत, जनावरांसाठी आणि रोपांसाठी काही सोडायची. कोणत्या झाडाची किती, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहायचे. आणि सुकवणी! बेहड्याचे फळ वरून कोरडे दिसते पण आत ओल धरून राहते. पोत्यात घाईने भरले की आठवड्यात बुरशी येते आणि अख्खा ढीग परत येतो. आमचा पहिल्या वर्षीचा अर्धा माल असाच गेला.

सात झाडांवर घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. वाडीतले आणखी पाच-सहा मालक एकत्र आले तर टेम्पोभर माल होतो, आणि टेम्पोभर माल असल्याखेरीज चांगला घेणारा दारात येत नाही. पण फळे दरवर्षी येतात. ठेकेदाराचे 80,000 एकदाच.

वरकसवाला

सर्वांचे आभार. एवढ्यात जे झाले ते कळवतो.

सातबाऱ्यावर 11 नावे निघाली. खासगी वनाची नोंद नाही. कार्बन कंपनीच्या प्रतिनिधीला 'निव्वळ' या शब्दाची व्याख्या आणि कराराची मराठी प्रत मागितली, तर 'मराठी प्रत माहितीसाठी देऊ, पण बंधनकारक इंग्रजीच राहील' असे उत्तर आले. खाजण करारातून वगळायचे म्हटल्यावर त्याचा उत्साह बराच उतरला. त्यावरून डोंगरापेक्षा खाजणच त्याला हवे होते, असे दिसते. खाजणात मुळे काढायला येणाऱ्या चार बायका आमच्याच वाडीच्या आहेत, हे मला ताईंचे उत्तर वाचून आईला विचारल्यावर कळले. मी इतकी वर्षे ते खाजण पडीक समजत होतो.

ठेकेदाराला या हंगामापुरते नाही कळवले आहे. कायमचे नाही म्हणायला बाकीच्या दहा जणांची संमती लागेल. नळपाणी योजनेचा विषय ग्रामसभेत मांडण्यासाठी अर्ज दिला आहे. सरपंच म्हणाले की पाणीपट्टीच निम्म्या घरांकडून येत नाही, त्यात जंगलाचे पैसे कुठून घालायचे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, पण वणव्याच्या दिवसांत वाडीने पाळीपाळीने फेऱ्या घालाव्या आणि तोड थांबवल्याची नोंद ठरावात यावी, एवढे त्यांनी मान्य केले आहे. रोख रक्कम नसली तरी निम्मा भार उतरतो.

देवरूखवाले, एक विचारायचे होते. बेहड्याखाली फळे पडू लागली आहेत. सुकवणीला अंगणात ताडपत्री चालेल की मांडव घालावा?

देवरूखवाला

मांडवच घाला, जमिनीपासून हातभर उंच, खालून वारा खेळला पाहिजे. ताडपत्रीला खालून दव धरते. आणि वही आजच सुरू करा, सातही झाडांना क्रमांक देऊन.